अंगणातल्या गुलमोहराला लहानपणीच वळण लावा



बोराची छाटणी केव्हा करावी, असे आपल्यापैकी कोणालाही विचारले तर तो झोपेतूनही सांगेल. उन्हाळ्यात पान गळाले की बोर छाटायचे, कारण फळ नव्या फुटीवर धरते. लिंबाचे पाणकोंब काढावेत, पेरूची दाटी मोडावी, हेही आपण जाणतो. ज्या झाडापासून चार पैसे मिळतात त्याच्याकडे आपले लक्ष असते आणि ते साहजिकच आहे. पण अंगणात, शाळेच्या आवारात किंवा चर्चसमोर जे झाड आपण नुसते शोभेसाठी आणि सावलीसाठी लावतो, त्याला कोणी हात लावीत नाही. रोप लावले, दोन वर्षे पाणी घातले, की आपले काम संपले असे आपण मानतो.

खरे पाहता आपल्या डोक्यावर उभे राहणारे झाड तेच. मिस्सानंतर माणसे बोलत उभी राहतात ती बोराखाली नव्हे, गुलमोहराखाली. उन्हाळ्यात खाट टाकतो, वासरू बांधतो, लेकरे झोका टांगतात, तेही त्याच्याच सावलीत. म्हणून या वेळी आम्ही गुलमोहराच्या लहान झाडाला वळण कसे लावावे हे सांगणार आहोत. बोराची छाटणी फळासाठी असते. ही छाटणी सांगाड्यासाठी आहे. ती दरवर्षी थोडीथोडी, पहिली सात-आठ वर्षे करायची आणि मग जवळजवळ सोडून द्यायची.

आमच्या हातून झालेली चूक

प्रथम एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यात दोष आमचाच होता. एका ओळखीच्या घरी अंगणात गुलमोहराचे तीन वर्षांचे रोप होते. कमरेइतक्या उंचीवर त्याचे दोन सारखे शेंडे झाले होते. घरच्या काकांनी आम्हाला विचारले, "यातला एक काढू का?" आम्ही झाडाकडे पाहिले. दोन्ही बाजूंनी छान भरलेले दिसत होते. आम्ही म्हणालो, "राहू द्या, सावली दुप्पट पडेल."

सावली खरोखरच दुप्पट पडली. अकरा वर्षे पडली. मग एका मे महिन्याच्या संध्याकाळी धुळीचे वादळ आले, ज्याला इकडे सगळे आंधी म्हणतात. झाड बरोबर त्या बेचक्यातून उभे चिरले आणि अर्धे झाड गोठ्यावर पडले. म्हशीची पारडी मेली. माणसे घरात होती म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन पाहिले. चिरलेल्या जागी पांढरे ताजे लाकूड फक्त कडेला चार बोटे होते. मधली सगळी जागा काळी आणि सुकी होती, आणि तिथे जुनी साल दबून बसलेली होती. म्हणजे ती दोन खोडे आतून कधी जोडलेलीच नव्हती. काका आम्हाला काही बोलले नाहीत. पण तीन वर्षांच्या रोपावर कात्रीचा एक काप दिला असता तर पारडी वाचली असती, हे त्यांनाही समजले आणि आम्हालाही.

बेचके कसे जन्माला येते

गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. तिथल्या कोरड्या, पानगळीच्या जंगलात तो वाढतो, म्हणून आपले ऊन त्याला मानवते. पहिले एक-दोन वर्षे तो बहुधा एका उभ्या काठीसारखा वाढतो आणि वर मोठी पिसासारखी पाने धरतो. नवख्या माणसाला हे पानच फांदी वाटते, कारण त्याचा मधला देठ दोन वितींपर्यंत लांब असतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी बारीक पानांच्या ओळी असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. देठाच्या बगलेत, खोडाला लागून डोळा दिसला तर वर आहे ते पान समजावे. ते आपोआप गळते, त्याला कापायचे नसते.

ही काठी सरळ वाढत राहते तोवर सर्वांत वरचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा गेला की तो दाब जातो आणि खालचे दोन-तीन डोळे एकदम फुटतात. सगळे एकाच जागेवरून निघतात, सगळे सारख्या जोराने वर धावतात, आणि बेचके तयार होते. आपल्या भागात शेंडा जाण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत.

पहिले कारण थंडी. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याची सगळीकडे चर्चा होते. पण इथला डिसेंबर-जानेवारीही कडक असतो, आणि थंडीची लाट आली की कोवळा शेंडा करपून काळा पडतो. पुण्या-सातारच्या नातेवाइकांचे गुलमोहर पाहून आपण तशीच अपेक्षा धरतो, पण तिकडच्या झाडांना हा मार बसत नाही.

दुसरे कारण शेळी. कुंपण नसलेल्या रोपाचा शेंडा शेळीने एकदा ओरबाडला की वर्षाची वाढ गेली आणि बेचके पदरी आले.

तिसरे कारण आपला स्वतःचा हात. काठी आठ फूट गेली तरी फांद्या फुटत नाहीत म्हणून पुष्कळजण शेंडा छाटून टाकतात. फांद्या लगेच फुटतात हे खरे, पण त्या एकाच जागी चार-पाच मिळून फुटतात. पुढे त्या जाड झाल्या की एकमेकींना ढकलू लागतात. तेव्हा काठी लांब वाटली तरी शेंड्याला हात लावू नये. धीर धरावा, फांद्या आपल्या वेळेला येतात.

असले बेचके कमजोर का असते

दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून ओढून पाहा. सहज सुटत नाहीत. आता नुसते तळवे एकमेकांवर ठेवून ओढा, लगेच सुटतात. फांदी आणि खोड यांच्या सांध्याचे असेच आहे. फांदी खोडाहून बारीक असेल तर दरवर्षी खोडाचे नवे लाकूड तिच्या बुडाभोवती वेढा घालते आणि फांदी खोडात रोवल्यासारखी घट्ट बसते. पण दोन्ही खोडे सारख्या जाडीची असली तर कोणीच कोणाला वेढा घालीत नाही. दोघांच्या मधे अरुंद फट राहते, तिच्यात साल दबत जाते, आणि बाहेरून एक दिसणारे झाड आतून दुभंगलेले राहते.

पारख अशी करावी. चांगल्या सांध्यात फांदी रुंद कोनात निघते, आणि वरच्या बाजूला सालीची वळी बाहेर फुगून आलेली दिसते. वाईट सांधा अरुंद असतो. तिथे साल आत ओढल्यासारखी दिसते आणि मधोमध एक काळी रेघ उभी जाते. दुसरी पारख सुतळीने करावी. सुतळीने फांदीचा घेर बुडाशी मोजा, आणि त्याच्या जरा वर खोडाचा घेर मोजा. फांदीचा घेर खोडाच्या निम्म्याहून कमी असेल तर सांधा बळकट होणार. निम्म्याहून अधिक असेल तर त्या फांदीला आवर घालावा लागेल.

झाडाची जखम भरत नाही, बंद होते

आपल्या हाताला कापले तर नवे मांस येऊन जखम भरते. झाडाचेही तसेच होते असे आपण समजतो, पण ते बरोबर नाही. अमेरिकेच्या वन खात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून आतल्या जुन्या जखमा तपासल्या, आणि १९७७ साली आपले निष्कर्ष मांडले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे की, झाड जखम झालेले लाकूड पुन्हा नीट करू शकत नाही. ते त्या जागेभोवती आतून भिंती घालते, वरून नवे लाकूड चढवते, आणि बिघडलेला भाग आतच कोंडून ठेवते. जखम लहान असेल तर ही भिंतबंदी एक-दोन वर्षांत पुरी होते. जखम मोठी असेल तर ती पुरी होईपर्यंत बुरशी आत शिरते आणि खोड पोखरू लागते.

आता हिशेब करा. बोटाइतकी, म्हणजे दोन सेंटिमीटर जाडीची फांदी कापली तर जखमेचे क्षेत्र सुमारे तीन चौरस सेंटिमीटर होते. तीच फांदी वीस सेंटिमीटर जाड झाल्यावर कापली तर क्षेत्र तीनशे चौदा चौरस सेंटिमीटर होते. जाडी दहापट झाली, पण जखम शंभरपट. त्यात गुलमोहराचे लाकूड हलके आणि लवकर कुजणारे. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. जे काढायचे ते फांदी बोटाएवढी असताना काढा. अंगठ्याहून जाड झाली की उशीर होऊ लागला असे समजा.

छाटणीची वेळ

आपल्या भागात फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा उत्तम. थंडीचा जोर ओसरलेला असतो आणि नवी पालवी अजून यायची असते. यावेळी पान कमी असल्याने सांगाडा स्पष्ट दिसतो, थंडीने कुठवर करपले तेही कळते. शिवाय पुढे वसंतातली आणि पावसाळ्यातली वाढ मिळून जखम बंद व्हायला पुरेसा अवधी मिळतो.

मे-जूनमध्ये छाटू नये. पारा ४५ अंशांवर जातो, लू वाहते, आणि सावली गेलेली कोवळी साल उन्हाने भाजून फुटते. भर पावसाळ्यातही छाटू नये, कारण हवेत बुरशीचे बीज अधिक असते. मोडलेली किंवा वाळलेली फांदी मात्र केव्हाही काढावी, तिला मुहूर्त लागत नाही.

वर्षावार कामे

लावणीच्या वेळी: पहिला चांगला पाऊस झाला की जुलैत रोप लावावे. रोप एकाच सरळ खोडाचे निवडावे. प्लास्टिकच्या पिशवीत मुळे गोल गोल फिरलेली असतील तर ती मोकळी करावीत किंवा तेवढी कापावीत, नाहीतर पुढे तीच मुळे खोडाला फास घालतात. घर, विहीर आणि पक्की भिंत यांपासून निदान वीस-पंचवीस फूट अंतर ठेवावे, कारण याची मुळे वरवर आणि दूरवर पसरतात. वरून विजेची तार जात असेल तर तिथे गुलमोहर लावूच नये. लावताना छाटणी करू नये. प्रत्येक पान त्या वेळी मूळ धरण्याच्या कामी येते.

पहिले वर्ष: काटेरी कुंपण करावे. आधाराची काठी लावली तर सुतळी सैल बांधावी, म्हणजे रोप वाऱ्याने थोडे हलेल. हलल्यानेच खोड बुडाशी जाड होते. घट्ट आवळलेले रोप उंच होते पण खोड बारीक राहते. येणाऱ्या फेब्रुवारीत सुतळी सोडून पाहावी. रोप स्वतःच्या पायावर उभे राहिले तर काठी काढून टाकावी. डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी असेल त्या रात्री शेंड्यावर जुने पोते किंवा कडब्याचे छप्पर करावे.

दुसरे वर्ष: फेब्रुवारीत शेंडा पाहावा. तो जिवंत असेल तर काही करू नये. करपला असेल तर नखाने साल किंचित खरवडून पाहावी. हिरवी ओल लागेल तिथल्या पहिल्या चांगल्या डोळ्याच्या वर तिरपा काप द्यावा. महिन्याभरात दोन-तीन धुमारे फुटतील. ते वीतभर झाले की सर्वांत सरळ आणि जोमदार असेल तो राखावा आणि बाकीच्यांचे शेंडे खुडावेत. राखलेला धुमारा हाच आता झाडाचा पुढारी. एका झाडाला पुढारी एकच असावा.

तिसरे आणि चौथे वर्ष: आता बाजूच्या फांद्या येऊ लागतील. खालच्या फांद्या दिसल्या की त्या सगळ्या साफ करून झाड उंच करण्याचा मोह होतो. तो आवरावा. खालच्या फांद्या खोडाला अन्न देतात, त्याला जाड करतात आणि उन्हापासून झाकतात. झाडाच्या एकूण उंचीपैकी निदान दोन-तृतीयांश भागावर पाला असावा. या खालच्या फांद्या पाहुण्या आहेत, कायमच्या नाहीत. त्यांचे शेंडे तोडून त्यांना आखूड ठेवावे, आणि दरवर्षी सर्वांत खालच्या दोन-तीन बुडापासून काढाव्यात. अंगठ्याएवढी होण्याआधी प्रत्येक पाहुणी गेली पाहिजे.

पाचवे ते आठवे वर्ष: या काळात कायमच्या फांद्या निवडायच्या. सर्वांत खालची कायमची फांदी किती उंचीवर हवी हे जागेवर अवलंबून आहे. अंगणात माणसे वावरतात, तिथे आठ फूट पुरेत. पण ज्या वाटेने भुशाची गाडी किंवा ट्रॉली जाते तिथे बारा ते चौदा फूट लागतात. त्याच्या वर फांद्या चहूबाजूंना विखुरलेल्या असाव्यात आणि त्यांच्यात उभे अंतर एक ते दीड फूट असावे. एकाच जागेवरून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या चार फांद्यांपैकी एक किंवा दोन राखाव्यात. कोणतीही फांदी पुढाऱ्याच्या बरोबरीने वर जाऊ लागली तर तिला आडव्या जाणाऱ्या उपफांदीपर्यंत आखूड करावी. ती उपफांदी मूळ फांदीच्या निदान एक-तृतीयांश जाडीची असावी, नाहीतर टोक वाळते.

आठव्या वर्षानंतर गुलमोहर आपली छत्री स्वतः धरतो. छत्रीसारखे पसरणे हा त्याचा स्वभावच आहे, तो मोडू नये. आपण फक्त एवढे पाहिले की छत्रीचा दांडा एक असावा आणि काड्या त्यात पक्क्या बसलेल्या असाव्यात.

कोणत्याही एका वर्षात झाडाच्या पाल्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक काढू नये. उरलेले पुढच्या फेब्रुवारीत.

काप कुठे आणि कसा द्यावा

फांदी खोडातून निघते तिथे बुडाशी एक फुगवटा दिसतो. तो खोडाचाच भाग आहे, आणि जखम बंद करणारे लाकूड तिथूनच येते. काप या फुगवट्याच्या लगेच बाहेर द्यावा. फुगवट्यासकट खोडाला घासून काप दिला तर जखम मोठी होते आणि झाडाची भिंतच आपण तोडून टाकतो. उलट चार बोटे खुंटी सोडली तर ती वाळते, कुजते आणि कूज आत जाते. काप बरोबर पडला की वर्ष-दोन वर्षांत जखमेभोवती सालीची गोल कडी उठलेली दिसते.

बारीक फांदीला कात्री आणि जाड फांदीला बारीक दात्यांची करवत वापरावी. कोयता आणि कुऱ्हाड यांनी साल फाटते, म्हणून ती या कामाला नकोत. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाते स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे.

फांदी मनगटाएवढी किंवा अधिक जड असेल तर तीन काप द्यावेत. पहिला काप बुडापासून वीतभर दूर, खालच्या बाजूने, एक-तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडे पुढे, वरच्या बाजूने आरपार. फांदी खाली पडते आणि साल खोडापर्यंत सोलत जात नाही. मग उरलेली हलकी खुंटी हाताने धरून तिसरा काप फुगवट्याबाहेर द्यावा.

कापावर डांबर, शेण किंवा रंग लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्यामुळे कूज थांबत नाही असे तपासण्यांत दिसून आले आहे. काप बरोबर जागी आणि लहान असेल तर तो उघडाच ठेवावा. खोडाला पश्चिमेकडून कडक ऊन लागत असेल तर खोडावर पातळ चुना मारण्यास हरकत नाही, पण ते उन्हासाठी आहे, जखमेसाठी नव्हे.

झाडाची मुंडी छाटू नये

लष्कर, मुरार किंवा जुने ग्वाल्हेर, कुठेही फिरलात तरी वरून सपाट मुंडी छाटलेली झाडे दिसतील. पुष्कळांना वाटते की झाड उंच झाले, वादळात पडेल, म्हणून वरचे अर्धे तोडावे. याचा परिणाम उलटा होतो. मोठ्या जखमांतून कूज शिरते, आणि कापाच्या कडेने डझनभर धुमारे फुटतात. हे धुमारे खोडाच्या गाभ्यातून आलेले नसतात, फक्त बाहेरच्या थरावर चिकटलेले असतात. तीन-चार वर्षांत ते पुन्हा पूर्वीच्या उंचीला जातात, आणि आंधी आली की मुळातल्या फांदीहून लवकर निखळतात. म्हणजे पैसे देऊन आपण धोका विकत घेतो.

बेचके आधीच मोठे झाले असेल तर

वाचकांपैकी पुष्कळांच्या अंगणात असे झाड आधीच उभे असेल. घाबरून एक खोड एकदम तोडू नका, त्याने मोठी जखम होते आणि झाडाचा तोल जातो. दोनपैकी कमजोर किंवा घराकडे झुकलेले खोड निवडा आणि दर फेब्रुवारीत त्याच्या बाहेरच्या फांद्या थोड्या आखूड करा. त्याचे वजन आणि जोर कमी होतो, दुसरे खोड पुढे निघते, आणि तीन-चार वर्षांत एक पुढारी व दुसरा चाकर अशी स्थिती येते. असल्या झाडाला झोका टांगू नये, गोठा त्याच्या खाली ठेवू नये, आणि तारेचा फास आवळून बांधू नये.

बेचक्यात चीर दिसली, तिच्यातून काळे पाणी झिरपू लागले, किंवा बुंध्याशी ताटलीसारखी कडक अळंबी उगवली, तर छाटणीने भागणार नाही. जाणकार माणसाला बोलवावे. झाड काढण्याची वेळ आलीच तर शहराच्या हद्दीत मध्य प्रदेशच्या २००१ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी घ्यावी लागते, हे ध्यानात असू द्यावे.

जीव सांभाळून

आरोग्याच्या या पानावर हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. तारेजवळच्या फांदीला हात लावू नका. ओल्या लाकडातून वीज वाहते, आणि बांबूला बांधलेली लोखंडी आकडी तर थेट मृत्यूच. वीज कंपनीच्या कार्यालयात कळवून प्रवाह बंद करून घ्यावा. शिडीवर उभे राहून जड फांदी कापू नये, कारण फांदी सुटली की हेलकाव्याने शिडी उडते. हाताला जमिनीवरून पोहोचते तेवढेच आपले काम, त्यावरचे अनुभवी माणसाचे. करवतीचा भुसा डोळ्यांत जातो, म्हणून साधा चष्मा घालावा. गांधीलमाशांचे पोळे आधी पाहून घ्यावे. लेकरांना तेवढा वेळ दूर बसवावे.

लहानपणी छाटणी केली तर यांतल्या बहुतेक धोक्यांशी गाठच पडत नाही. तीन वर्षांच्या रोपाची छाटणी घरची आजीसुद्धा भुईवर उभी राहून करील.

दुसऱ्या झाडांविषयी

हेच नियम बहावा, कांचन, नीलमोहर आणि शिरीष यांनाही लागू आहेत. बहावा आणि कांचन लहान चणीचे, म्हणून त्यांच्या फांद्यांमधले अंतर थोडे कमी चालेल. ते घराजवळ गुलमोहरापेक्षा बरे. कडुनिंबाचे लाकूड बळकट असते, तरी बेचक्याचा दोष त्यालाही चुकत नाही. उंच सरळ वाढणाऱ्या हिरव्या अशोकाला मात्र काहीच करू नये. त्याचा शेंडा तोडला की त्याची शोभा गेली.

शेवटी

द्राक्षवेल आणि तिच्या फाट्यांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. तिथे माळी फळ अधिक यावे म्हणून छाटतो. अंगणातल्या झाडाकडून आपल्याला फळ नको असते. आपल्याला हवी असते निर्धास्त सावली. तीही छाटल्यावाचून मिळत नाही.

येत्या फेब्रुवारीत एका सकाळी कात्री आणि सुतळी घेऊन आपल्या अंगणातल्या रोपासमोर उभे राहा. खालून वर पाहत जा आणि तीन प्रश्न विचारा. पुढारी एकच आहे का? कोणती फांदी खोडाच्या निम्म्याहून जाड झाली आहे? कोणत्या सांध्यात साल आत दबते आहे? या तीन प्रश्नांवर दोन-चार काप पुरतात, आणि कामाला अर्धा तास लागत नाही. शेजाऱ्याने येऊन "राहू द्या, किती छान भरले आहे" असे म्हटले तर त्याला रागावू नका. आम्हीही एकदा तसेच म्हणालो होतो. त्याला बेचके दाखवा, दोन तळवे जोडून दाखवा, आणि मग कात्री चालवा.